पहिलटकरीण : बदलते शरीर आणि घराची तयारी

(डिचोली तालुक्यातील एका गावच्या पंचायत सभागृहात मातृ-आरोग्य मेळाव्याच्या निमित्ताने एका निवृत्त आरोग्य पर्यवेक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केलेली आहे. मेळाव्यास ग्रामस्थ, अंगणवाडी सेविका, शिक्षक व शासकीय अधिकारी उपस्थित होते.)



घरात पहिले मूल येणार अशी वार्ता कळली की आपल्याकडे आनंदाला उधाण येते. नारळाचे झाड पहिल्यांदा फुलोऱ्यावर आले तरी आपण त्याकडे कौतुकाने पाहतो. मग घरची सून किंवा लेक पहिल्यांदा गरोदर राहिली तर आनंद का होऊ नये? परंतु या आनंदात एक गोष्ट नेहमी मागे राहते. जिच्या शरीरात हे सारे घडत असते, तिला काय वाटते, काय होते, हे कोणी नीट विचारीत नाही. आणि तीही लाजेकाजेस्तव सांगत नाही. आज मला मुख्यत्वे याच मौनाविषयी बोलावयाचे आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग प्रथम सांगते. पेडणे तालुक्यातील एका गावात एक पहिलटकरीण होती. वय वीसच्या आत-बाहेर. सातव्या महिन्यात तिचे डोहाळेजेवण मोठ्या थाटाने झाले. हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली. पुढे आठव्या महिन्यात मी त्या घरी गेले तेव्हा ती दारातच उभी होती. मी विचारले, “बरी आहेस ना गे बाय?” ती म्हणाली, “बरी आहे, सिस्टर.” मी वहीत तशी नोंद केली आणि पुढच्या घराकडे वळले. दोन आठवड्यांनी निरोप आला की तिला झटके येत आहेत. रुग्णालयात नेईपर्यंत रक्तदाब फार चढला होता. ती वाचली, बाळ वाचले नाही. पुढे मी तिला भेटावयास गेले असता तिने सांगितले की तिच्या हातातील बांगड्या पंधरा दिवसांपासून हलत नव्हत्या. डोके दुखत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सासूबाई म्हणत, “अंगाला चांगले आले आहे.” आणि मी विचारले तेव्हा तिने “बरी आहे” म्हटले, कारण मी विचारलेच तसे होते.

ती चूक माझी होती. तिचे हात मी हातात घेऊन पाहिले असते, तर त्या घट्ट बांगड्यांनी मला सारे सांगितले असते. त्या दिवसापासून “बरी आहेस ना?” हा प्रश्न मी सोडून दिला. आज येथे बसलेल्या प्रत्येकाने तो सोडावा, एवढीच माझी विनंती आहे. पुढचे सारे बोलणे या विनंतीचाच विस्तार आहे.

शरीर का बदलते

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असता गर्भारपण सुमारे २८० दिवसांचे, म्हणजे ४० आठवड्यांचे असते. एवढ्या अल्प काळात स्त्रीचे शरीर जितके बदलते तितके आयुष्यात क्वचितच बदलते. एरवी मुठीएवढी असलेली गर्भपिशवी शेवटी जवळजवळ छातीच्या हाडापर्यंत पोचते. अंगातील रक्त सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. निरोगी, बेताच्या बांध्याच्या स्त्रीचे वजन दहा ते बारा किलो वाढावे अशी अपेक्षा असते. हे वजन केवळ चरबीचे नव्हे. त्यात बाळाचे सुमारे तीन किलो, वार अर्ध्या किलोहून थोडी अधिक, गर्भजल किलोच्या आसपास, वाढलेली गर्भपिशवी सुमारे एक किलो, वाढलेले रक्त दीड किलोच्या घरात, आणि उरलेला भाग स्तनांची वाढ, अंगातील पाणी व पुढे दूध पाजण्यासाठी शरीराने करून ठेवलेली शिदोरी असा हिशेब असतो. तेव्हा आरशात पाहून “मी किती बेढब झाले” असे जिला वाटते तिने हा हिशेब आठवावा. नातलगांनीही “केवढी सुटलीस!” असे थट्टेने म्हणणे टाळावे. त्या थट्टेपायी पोटभर न जेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

काही बदल त्रासदायक असतात, पण स्वाभाविक असतात. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ व उलट्या होतात. सकाळी उठताच कोरडा पाव, भाजलेले पोहे किंवा चुरमुरे थोडे खावेत आणि दिवसभर थोडे थोडे पण वारंवार खात राहावे. गर्भ धारण करण्यासाठी शरीरातील स्नायू सैलावतात. त्यामुळे जळजळ, बद्धकोष्ठ व कंबरदुखी होते. चेहऱ्यावर वांग येतात, बेंबीखाली काळसर रेघ उमटते, पोटावर चिरा पडतात. वारंवार लघवीला जावे लागते. संध्याकाळी पावलांवर थोडी सूज येते आणि पाय उशीवर टेकून झोपल्यावर सकाळी ती उतरते. हे बदल म्हणजे आजार नव्हे, आणि ते लपविण्याचेही कारण नाही. पोटावरील चिरा कालांतराने फिकट होतात. बहुतेकींचे वांग बाळंतपणानंतर हळूहळू कमी होतात.

पहिलटकरणीला बाळाची पहिली हालचाल साधारणतः अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवते. सुरुवातीला ती पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखी किंवा वायू सरकल्यासारखी वाटते. म्हणून पुष्कळजणींच्या ती लक्षातही येत नाही. पुढे मात्र प्रत्येक बाळाची हालचालीची एक रीत ठरते. ती रीत आईने ओळखून ठेवावी, कारण त्या नऊ महिन्यांत बाळाला आपल्याशी बोलण्याचा दुसरा मार्ग नसतो.

कोणत्या खुणा धोक्याच्या

स्वाभाविक बदल आणि धोक्याची खूण यांतील फरक घरातील प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. अंगावरून रक्त जाणे, अगदी थोडे का असेना, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहरा व हात सुजणे, झटके येणे, पोटात तीव्र वेदना, ताप, मुदतीआधी अंगावरून पाणी जाणे, बसल्या जागी धाप लागणे, आणि बाळाची नेहमीची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. यांपैकी एकही खूण दिसली तर उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालयात जावे.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला तर तो गरोदरपणात गंभीर मानतात. बहुतेक वेळा बाईला त्याची जाणीवही नसते. म्हणूनच तपासणीला पर्याय नाही.

नोंदणी व तपासणी

पाळी चुकल्याची खात्री होताच, आणि बारा आठवड्यांच्या आत, जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. पेडण्याला व डिचोलीला सामाजिक आरोग्य केंद्रे आहेत. कासारवर्णे, मये, साखळी अशा ठिकाणीही शासकीय केंद्रे आहेत. गुंतागुंतीच्या प्रसंगी म्हापशाचे जिल्हा रुग्णालय व बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. या महाविद्यालयाची परंपरा १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपासून चालत आलेली आहे, याचा आपणा सर्वांना अभिमान असावा.

नोंदणीनंतर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. ते कपाटात देवाच्या पोथीसारखे जपून न ठेवता प्रत्येक वेळी बरोबर न्यावे. गरोदरपणात किमान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे. वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तातील साखर, लघवी व अन्य आवश्यक चाचण्या होतात. धनुर्वात व घटसर्पापासून संरक्षण देणारी टीडी लस दिली जाते. दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तज्ज्ञ डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणीची सोय असते. हे अभियान २०१६ साली सुरू झाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार गोव्यात जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयांत होतात. ही समाधानाची बाब आहे. पण त्याच पाहणीत दर शंभर गर्भवतींपैकी सुमारे चाळीसजणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे रुग्णालयापर्यंत आपण पोचलो, पण ताटापर्यंत अजून पोचावयाचे आहे.

ताटात काय असावे

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले तर त्यास रक्तक्षय म्हणतात. वर सांगितल्याप्रमाणे रक्त वाढते, पण त्यातील पाण्याचा भाग अधिक वाढतो. म्हणून लोहाची गरज वाढते. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची गोळी व त्यापुढे लोह-फॉलिक आम्लाची रोज एक गोळी निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यावी. गोळीने शौच काळसर होते, क्वचित मळमळते. त्याला भिऊन गोळ्या चुलीमागे टाकू नयेत. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबूपाणी, पेरू किंवा आवळा यांची जोड दिली असता लोह चांगले शोषले जाते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. आपल्या परसात तांबडी भाजी आहे, मशिंगाचा पाला आहे, केळी आहेत. घरात नाचणी आहे, कुळीथ आहे, उकड्या तांदळाची पेज आहे, नारळ आहे. बाजारात तारले, पेडवे, बांगडे असे लहान मासे मिळतात. ते नीट शिजवून खावेत. शाकाहारी घरात डाळी, चवळी, मूग, दूध, दही यांवर भर द्यावा. नेहमीच्या जेवणाखेरीज दिवसातून एक वेळ अधिक खावे. अंगणवाडीतून मिळणारा पूरक आहार हा गर्भवतीचा हक्क आहे. तो घरातील इतर मुलांत वाटून टाकू नये. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली, तेव्हापासून ही सोय खेडोपाडी पोचली आहे.

“फार खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल”, ही भीती अजून काही घरांत आहे. ती निराधार आहे. उलट, अर्धपोटी आईचे बाळ हलके जन्मते आणि वारंवार आजारी पडते. ग्रहणात गर्भवतीस उपाशी, अंधारात बसविण्याची रीतही सोडून द्यावी; ग्रहणाने बाळाच्या ओठाला काही होत नाही, उपवासाने मात्र आईला त्रास होतो. तंबाखू, मिशरी व दारू पूर्णपणे वर्ज्य. कोणतेही औषध, गावठी असो वा दुकानातील, डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

काम व विश्रांती

गरोदर बाईने हालचालच करू नये असे नाही. रोजचे हलके काम व सकाळ-संध्याकाळ चालणे हितकारक आहे. परंतु पाण्याच्या घागरी, भाताच्या पोत्या व लाकडाच्या मोळ्या उचलणे, काजूच्या हंगामात डोंगरावर दिवसभर वाकून बोंडे वेचणे, हे तिच्याकडून करवून घेऊ नये. पोट पुढे आल्यावर शरीराचा तोल बदलतो, सांधे सैल झालेले असतात; म्हणून पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात व विहिरीवर ती घसरण्याचा संभव अधिक. रात्री आठ तास झोप आणि दुपारी दोन तास आडवे होणे आवश्यक आहे. शेवटच्या महिन्यांत कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे.

मांद्रे, मोरजी, हरमल भागातील हॉटेलांत, दुकानांत, शाळांत व कारखान्यांत आता पुष्कळ भगिनी नोकरी करतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, कायद्यातील अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळण्याची तरतूद २०१७ पासून आहे. ही मेहेरबानी नव्हे. मालकाकडे लेखी अर्ज वेळेवर द्यावा.

मनाचीही तपासणी

आता मी अशा गोष्टीकडे वळते की जिच्याविषयी आपल्या सभांतून फारसे बोलले जात नाही. शरीर बदलते तसे मनही बदलते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे, हे पुष्कळजणींना होते व दहा-पंधरा दिवसांत ओसरते. पण ते त्याहून अधिक टिकले, झोप उडाली, बाळाकडे पाहवेनासे झाले, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

हा विषय परदेशातील पुस्तकांतलाच आहे असे कोणी समजू नये. गोव्यातच याचा अभ्यास झाला आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील जिल्हा रुग्णालयात तपासणीस येणाऱ्या २७० गर्भवतींशी बोलून, पुढे बाळंतपणानंतर त्यांची पुन्हा भेट घेतली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुसंख्य मातांचे मन गरोदरपणातच खचलेले होते. कारणे कोणती? घरची ओढगस्त, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी झाली म्हणून येणारे दडपण. बंधुभगिनींनो, या तिन्ही गोष्टींपैकी एकही आईच्या शरीरातील दोष नाही. तिन्ही घराच्या व समाजाच्या आहेत.

मुलगी झाल्याचा दोष आईला देणाऱ्यांना शाळेतील शास्त्राचे शिक्षक सांगतील की मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. गर्भलिंगनिदान करणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

उपाय फार दूर नाही. गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडी भागात गरोदर व बाळंतीण स्त्रियांसाठी एक प्रयोग झाला. गावातल्याच साध्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून या मातांना घरी भेटी व आधार देण्यात आला. गोव्यात या स्त्रियांना सखी म्हणत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, गोव्यात ज्या मातांना सखीची सोबत मिळाली त्यांच्यात सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे ऐकून घेणारी एक शेजारीण हेही औषधच. आपल्या महिला मंडळांनी याचा अवश्य विचार करावा. शिवाय टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

घराची तयारी

आपल्या आजीच्या काळी वैजीण हाच आधार होता. तिच्या अनुभवाचा मी आदर करते. बाळंतिणीला धीर देण्याची जी हातोटी तिच्याजवळ होती ती आम्हा परिचारिकांनीही शिकावी. पण रक्तस्राव थांबविण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला व १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. आज त्यांच्यासारखी सोय शोधावयास आपणास सातासमुद्रापार जावे लागत नाही. केवळ वेळेवर घराबाहेर पडावे लागते.

त्यासाठी आठव्या महिन्यातच सारे ठरवावे. कोणत्या रुग्णालयात जावयाचे, बरोबर कोण येणार, रात्रीचे वाहन कोणते, रक्त लागले तर कोण देणार, घरची गुरे व म्हातारी माणसे कोण पाहणार. तेरेखोलच्या भगिनीने केरीच्या फेरीबोटीच्या वेळा व दुसरा रस्ता माहीत करून ठेवावा. जुलै २०२१ च्या पुरात पेडणे, डिचोली व सत्तरीतील अनेक ठिकाणी पाणी शिरले होते, हे ध्यानात ठेवून नदीकाठच्या घरांनी पावसाळ्यातील मुदतीच्या आठवडाभर आधीच उंचावरच्या किंवा रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे राहावयास जावे.

एका पिशवीत कार्ड, आधारपत्र व बँकेचे पुस्तक, आईचे सैल कपडे, स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेली जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, बाळाचे टोपडे व लंगोट ठेवावेत. नवे कोरे कापड कडक असते. जुने, मऊ, पण स्वच्छ कापडच बाळाला मानवते. कळा नियमित येऊ लागल्या व त्यांतील अंतर कमी होत चालले, किंवा पाणमोट फुटली, की निघावे. पहिल्या बाळंतपणास सहसा अधिक तास लागतात. म्हणून घाबरून जाऊ नये, आणि रेंगाळूही नये.

काहींचे बाळंतपण शस्त्रक्रियेने होते. वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार गोव्यात दहांपैकी सुमारे चार प्रसूती अशा होतात. अनावश्यक शस्त्रक्रिया नको हे खरे. पण आवश्यक असता ती झाली म्हणून “तुला साधे बाळंतपणही जमले नाही” असे कोणत्याही आईला ऐकविणे हा अन्याय आहे.

बाळ जन्मताच आईच्या अंगाशी उघडे धरावे व तासाभराच्या आत अंगावर पाजावे. पहिले घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नये. ती बाळाची पहिली लसच होय. मध, गुटी, साखरपाणी काहीही देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको. नाळेवर तेल, राख, हळद लावू नये. ती कोरडी ठेवावी. पहिल्या दिवशी आंघोळ घालण्याची घाई नको. डोळ्यांत काजळ घालू नये. सटीची पूजा आनंदाने करावी, पण त्या रात्री बाळंतिणीला झोप मिळेल असे पाहावे; आणि बाळाला हातात घेणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवावेत.

बाळंतिणीच्या शरीराला पूर्वस्थितीवर यावयास वेळ लागतो. गर्भपिशवी आकसण्यासच सुमारे सहा आठवडे लागतात. नऊ महिन्यांत जे वाढले ते नऊ दिवसांत उतरणार नाही. म्हणून पोट लगेच दिसेनासे व्हावे म्हणून उपाशी राहू नये, किंवा पाणी कमी पिऊ नये. मेथीचे, हळिवाचे लाडू द्यावेत, पण त्यांच्या जोडीला भाजी, फळे व मासेही द्यावेत.

शासकीय साहाय्य

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयांत बाळंतपण, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, रक्त, जेवण व ने-आण यांचाही त्यात समावेश होतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. गोवा शासनाच्या महिला व बालविकास खात्याची मुलीच्या जन्मानिमित्त मातेस साहाय्य देणारी ममता योजनाही आहे. अर्जाची माहिती अंगणवाडी सेविका देतील. येथे उपस्थित अधिकारी बंधूंना विनंती की, नवव्या महिन्यातील बाईला एका कागदासाठी दोनदा खेपा घालावयास लावू नयेत.

घरच्यांना दोन शब्द

शेवटी पुरुषांना आणि सासूबाईंना. तपासणीच्या दिवशी नवऱ्याने बरोबर जावे. बाहेर झाडाखाली मोटारसायकलवर बसून न राहता आत यावे व डॉक्टर काय सांगतात ते ऐकावे. सासूबाईंनी आपल्या वेळच्या हालांचे दाखले देऊ नयेत. तुम्ही ते सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, असा काही कायदा नाही.

आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून चार प्रश्न विचारावेत. आज डोके दुखले का? हातातील बांगड्या सैल आहेत की घट्ट? बाळ नेहमीसारखे हलले का? मनाला काही लागले आहे का? उत्तर येईपर्यंत उठू नये.

त्या पेडण्याच्या मुलीला पुढे तीन वर्षांनी मुलगी झाली. त्या वेळी तिने स्वतःच मला निरोप पाठविला, “सिस्टर, बांगड्या घट्ट झाल्या आहेत.” आम्ही वेळेवर पोचलो. ती मुलगी आज महाविद्यालयात शिकत आहे. पहिल्या वेळी मला जे विचारता आले नाही, ते दुसऱ्या वेळी तिने आपणहून सांगितले. आपल्या गावातील प्रत्येक पहिलटकरणीला ते पहिल्याच वेळी सांगता यावे, एवढे आपण सर्वांनी मिळून करू या.